वकिलासाठी गवत

मालकांना गवतातले कळते, ही त्या घरात श्रद्धेची बाब होती. आणि श्रद्धेच्या बाबींना पुरावा मागण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

खाली दुकान, मागे गोदाम आणि वर घर, अशी ती दुमजली इमारत. दुकानात चिनी मातीच्या कपबशा, काचेच्या सुरया, फुलदाण्या, लग्न झालेल्यांना देण्याचे आणि लग्न मोडलेल्यांनी परत आणण्याचे डिनरसेट. शहरातले बाकीचे दुकानदार केव्हाच फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकात माल गुंडाळू लागले होते. मालकांचा माल मात्र अजूनही लाकडी पेटीत, वाळल्या गवताच्या गादीवर निजून जात असे. "आमची बशी प्रवासाला निघते ती अंथरूण घेऊन निघते," असे ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक नवे असेल तर हसतही असे.

गवताची गाठ आली की गोदामात एक सोहळा होई. मालक पांढरा रुमाल काढत, मूठभर गवत त्यात घेऊन चुरडत आणि कानाशी नेत. मग रुमाल उघडून पाहत. हिरवा डाग पडला की गाठ बाद, कारण रंग बशीला लागतो. मग नाक. जरा जरी वास आला तरी बाद, कारण गवताचा वास बशीत शिरतो आणि बशीतला चहात उतरतो. तुऱ्यात एखादा दाणा दिसला, तर गवतवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. शेवटी मनासारखे गवत सापडले, म्हणजे फिकट, ठणठणीत, पाने झडलेले, दोन उन्हाळे खाऊन म्हातारे झालेले, की मालक वडिलांचे वाक्य उच्चारत: "ज्या गवताला उंदीर तोंड लावत नाही, तेच आपलं गवत!"

मालकीणबाईंनी हे वाक्य लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकले होते, की ते ऐकताना त्यांचा चेहरा आपोआप कौतुकाचा होई आणि डोके त्या वेळात दुसरे काही काम उरकून घेई. नवरा आणि काचेची सुरई एकाच रीतीने हलवावीत, असे त्यांचे मत होते. वरून मान धरू नये. खालून हात द्यावा, आणि आपण हलतो आहोत हे तिला कळू देऊ नये. या रीतीने त्यांनी दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर आणले होते, दिरांच्या वाटण्या सुखरूप पार पाडल्या होत्या, आणि यातले प्रत्येक काम आपणच केले अशी मालकांची प्रामाणिक समजूत होती. मालकीणबाईंना त्या समजुतीचा त्रास नव्हता. अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

सूनही त्यांनी अशीच आणली. ती मुलगी एकदा दुकानात बशी परत करायला आली होती. तडा केसाएवढा. विक्रेत्याला दिसेना, चिरंजीवांना तर समोर उभी असलेली मुलगीही नीट दिसत नव्हती. तिने वाद घातला नाही. नखाने बशीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "ऐका." बशी बद्द वाजली. गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंनी त्या क्षणी ठरवले, की हे दुकान पुढे चालवील ते हीच. कारण चिरंजीवांना काहीही विचारले, तर उत्तर एकच येई: "बघू." आपण प्रेमात पडलो आहोत, हेदेखील त्यांना आईनेच सांगितले, तेव्हाही ते म्हणाले, "बघू."

घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, म्हणतात. इथे ससा आला. काळाभोर, गळ्याशी पांढरा पट्टा, आणि दिवसभर तोंड चालू. म्हणून सुनेने त्याचे नाव 'वकील' ठेवले होते. मालकांना ससा घरात नको होता. काचेच्या घरात उड्या मारणारे जनावर आणणे ही त्यांच्या मते मुलीच्या बापाने केलेली चेष्टा होती. पुष्कळ दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. जणू तो बोलला असता.

मग एके दिवशी सून ससा-मांजरांच्या दुकानातून गवताची पिशवी घेऊन जिना चढताना मालकांनी पाहिली.

"हे काय?"

"वकिलाचं गवत, बाबा."

"विकत? पिशवीतून? या घरात?" मालक खुर्चीवर बसलेच. "अगं, लोक काय म्हणतील? न्हाव्याच्या घरची माणसं दाढीला बाहेर जातात!"

"त्याचं खायचं गवत वेगळं असतं."

"गवतात वेगळं काय असतं, ते तू मला सांगणार?" मालक हसत म्हणाले, आणि तिथेच घात झाला. ते रागावले असते, तर सून दोन हात करायला मागे हटली नसती. पण ते प्रेमाने बोलत होते. "आजपासून आमच्या वकिलाचं गवत माझ्याकडे लागलं. पोराला उत्तमातलं उत्तम मिळेल."

'आमच्या' वकिलाचे! सुनेने सासूकडे पाहिले. सासूने डोळ्यांनीच सांगितले: घे. पुढचे माझ्याकडे.

त्या दिवसापासून वकिलाच्या खोक्यात रोज गोदामातले गवत पडू लागले. वकिलाने ते हुंगले, नाक दोनदा हलवले, आणि त्यावर ऐसपैस पसरून झोपी गेला.

"बघा, बघा!" मालकांचा ऊर भरून आला. "जिनसेची पारख मुक्या जनावराला."

खाणे मात्र तो पाला आणि दाण्यांवर भागवू लागला. सुनेने गुपचूप एक पिशवी आणली, तर मालकांना जिन्यातच वास आला. ते ओरडले नाहीत. स्वतः पिशवी उचलून दुकानदाराला परत देऊन आले, आणि जेवताना एवढेच म्हणाले, की ज्या वास्तूत माल निजतो त्या वास्तूत माझ्या हाताखालून गेल्याशिवाय गवताची काडी यायची नाही. नियम म्हणून तो चुकीचाही नव्हता. चहाला गवताचा वास येतो अशी तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. चिरंजीवांना सुनेने विचारले, "तुम्ही काही बोलणार आहात की नाही?" चिरंजीव काय म्हणाले, ते लिहिण्याची गरज नाही.

मालकीणबाई योग्य वेळेची वाट पाहत होत्या. त्यांच्या पद्धतीत घाई बसत नसे. सशाच्या पोटाला मात्र पद्धत ठाऊक नव्हती.

एका सकाळी वकील कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. कोवळा पाला पुढे केला तर त्याने तोंड फिरवले. खोक्यात लेंड्या नव्हत्या. वकिलाचे तोंड बंद झाले म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेले, हे मालकीणबाईंनाही कळले. त्या स्वतः सुनेबरोबर जनावरांच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि जिभेने मोकळ्या होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिले, दात पाहिले, सुई टोचली, आणि मग खोक्यातले गवत चिमटीत धरले.

"हे कुणी निवडलं?"

"यांच्या सासऱ्यांनी," मालकीणबाई सवयीने अभिमानाने म्हणाल्या.

"छान आहे. याची गादी करा. खायला मात्र यात काही नाही. ना पान, ना रस, ना वास. अहो, ससा म्हणजे चालतंबोलतं जातं. त्यात हिरव्या वाळल्या गवताची लांब काडी सतत पडत राहिली पाहिजे. नाहीतर दात वाढतात आणि पोट थांबतं. याचं थांबत आलंय."

"मग कसलं आणू?" सून विचारत होती, पण डॉक्टरीणबाई सासूकडे बघून बोलत होत्या; बहुधा अडचण कुठे आहे ते त्यांना कळले असावे.

"वाळलेलं, पण रंग टिकलेलं. नाकाशी धरलं की गोड वास आला पाहिजे. पातं हवं, काडी हवी, तुरा असला तर फारच उत्तम. धूळ नको. बुरशी तर अजिबात नको, बुरशीनं हा उद्या सकाळही बघणार नाही. आणि दुभत्या गाईंना घालतात तो मऊ लुसलुशीत चारा आणू नका. तो वाढत्या पिल्लांना ठीक, या वयात सोसायचा नाही. औषध दिलंय. संध्याकाळपर्यंत हा आपणहून गवताला लागला, तर सुटला."

घराच्या जिन्यात सून थांबली. खोका तिने छातीशी धरला होता.

"आई, आजचा दिवस मी बघते. तुम्ही म्हणालात पुढचं माझ्याकडे, म्हणून गप्प बसले. संध्याकाळी यानं खाल्लं नाही, तर याला घेऊन माहेरी जाईन. परत येईन का, ते आत्ता विचारू नका."

"सशासाठी घर सोडशील?"

"सशासाठी नाही हो. ज्या घरात खरं बोलायला जनावर मरेपर्यंत थांबावं लागतं, तिथे मी काय काय बोलायचं थांबवू?"

 मालकीणबाई वळल्या आणि गोदामात उतरल्या.

मालक पेटी भरत होते. मालकीणबाई स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला, आणि सुरईखाली हात घातला.

"डॉक्टरीण तुमचं फार नाव घेत होती."

"घेणारच," मालक म्हणाले. "काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढं निर्मळ गवत जन्मात पाहिलं नाही. पण सशाची जात हलकी. त्याला म्हणे वाईट गवत लागतं. वासाचं, डाग पडणारं, उंदरांनी धाव घ्यावी असलं."

"शी!"

"हो ना. आणि म्हणाली, चांगलं ओळखणारे पुष्कळ भेटतात, पण वाईट गवत अचूक ओळखील असा माणूस काही या शहरात उरला नाही."

मालकांनी हातातली सुरई खाली ठेवली. "उरला नाही? उरला नाही म्हणजे? जन्मभर मी बाद काय केलं? बादच ओळखत आलो की! रुमाल कुठाय माझा? चल."

मालकीणबाई मनात म्हणाल्या, झाले. अजून हात शाबूत आहे.

गवतवाल्याची वखार शहराच्या कडेला होती. छपराखाली गाठींच्या भिंती, त्यांच्यामध्ये बोळ, आणि तोंडाशी वजनकाट्याजवळ बसलेला गवतवाला. मालकांना पाहून तो उठला आणि सवयीने म्हणाला, "मालक, जुनं, पांढरं, अगदी निर्गंध राखून ठेवलंय तुमच्यासाठी."

"ते राहू दे. वाईट दाखव."

"काय?"

"तुझ्याकडे असेल ते सगळ्यांत वाईट गवत दाखव."

गवतवाल्याने मालकीणबाईंकडे पाहिले. "बाई, मालकांची तब्येत...?"

"दाखव म्हणतात ना, दाखव."

मग मालक बोळांत शिरले. असा उत्साह मालकीणबाईंनी त्यांच्यात वाटणीच्या वेळीही पाहिला नव्हता. ते एकेक गाठ हुंगत आणि तुच्छतेने सोडत: "हे बरं आहे, नको." "हे सामान्य." एका गाठीत हात घातला, चुरडले, रुमालावर हिरवा डाग पडला. गोड वास मालकीणबाईंपर्यंत आला. लांब पाती, कडक काड्या, टोकाला तुरे. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, हेच."

"छे! हे मध्यम वाईट. मी आलोय तर मध्यम नेऊ?" आणि ते पुढे गेले.

बोळाच्या टोकाशी, छप्पर गळत होते तिथे, एक गाठ एकटी पडली होती. मालकांनी तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो काळपट, ओलसर, पांढऱ्या तंतूंनी माखलेला पुंजका, आणि त्याच्याबरोबर धुळीचा लोट. मालकांना खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता त्यांचा चेहरा विजयाने फुलला.

"हे! याहून वाईट गवत या शहरात असेल, तर मी दुकान बंद करीन! भर रे गाडीत!"

"मालक, हे मी टाकून देणार होतो," गवतवाला म्हणाला. "जनावरं मरतात यानं."

"तुला काय कळतंय? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वाईट हवं."

मालकीणबाई एक पाऊल पुढे झाल्या. खालून हात देण्याची वेळ निघून गेली होती. सुरई कलंडली होती, आणि ती त्यांनीच कलंडवली होती. डोके झपाट्याने नवी वाट शोधू लागले. डॉक्टरीण म्हणाली की इतकं वाईट... सशाची जात इतकी हलकी नाही की... एकही वाक्य जुळेना. आणि मालक गाठीची दोरी आवळत होते.

"अहो," मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही चुकताय."

वखारीत कुणीतरी भांडे पाडावे तसे ते शब्द पडले. गवतवाला काट्याकडे गेला आणि रिकाम्या पारड्यात काहीतरी मन लावून पाहू लागला.

"मी?" मालक म्हणाले. "गवतात?"

"गवतातच. आपलं गवत बशांना उत्तम. उंदीर त्याला तोंड लावत नाही, म्हणून ससाही लावत नाही, म्हणून तो मरायला टेकलाय. हे त्याला घातलंत, तर रात्रीच्या आत मरेल. त्याला खायला चांगलं गवत हवंय. आणि खायला चांगलं कोणतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. असायचं कारणही नाही. तुम्ही बशा भरता, गाई नाही पाळत."

"मग मघाशी जे सांगितलंस, डॉक्टरीण म्हणाली म्हणून..."

"ती काही म्हणाली नाही. मी रचलं."

मालक त्या बुरशीच्या गाठीवरच बसले. पुष्कळ वेळ रुमालाची घडी घालत राहिले. मालकीणबाईंना वाटले, आता विचारतील, की आजवर आणखी काय काय रचलंस? दुकान कोपऱ्यावर आले तेव्हा? भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा? तो प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आलेला स्पष्ट दिसला. पण मालक शहाणे होते, किंवा भित्रे. लग्नात या दोहोंत फारसा फरक उरत नाही. त्यांनी तो गिळला.

"बुरशीवरनं उठा," मालकीणबाई म्हणाल्या. "खोकला वाढेल."

ते उठले. "तुला चांगलं कळतं?"

"नाही. पण मघाचं ते मी हुंगलंय, आणि मलाच खावंसं वाटलं."

ती गाठ काढली. मालकांनी पुन्हा रुमाल काढलाच. हात थांबेना. डाग पडला, हिरवागार. "बाद," असे ते बोलून गेले.

"भर गाडीत," मालकीणबाई गवतवाल्याला म्हणाल्या.

 परतताना गाडीभर कापल्या कुरणाचा वास कोंदला होता, आणि मालकांनी काच खाली केली नाही.

गाठ वास्तूत येताना चिरंजीव दारात उभे होते. "बाबा, वास येतोय हो याला. आत घ्यायची?"

"बघत काय उभा राहतोस? उचल!" मालक गरजले. कुणावर तरी गरजणे भाग होते.

सुनेने मूठभर गवत खोक्यात ठेवले आणि सगळे मागे सरले. वकिलाने नाक हलवले. मान लांबवली. एक काडी तोंडात धरली, आणि ती काडी टोकापासून आत सरकू लागली, सावकाश, आखूड आखूड होत. मग दुसरी. सून जमिनीवर बसून रडली. रडताना ती मुळीच सुंदर दिसत नव्हती, हे चिरंजीवांनी पाहिले, तरी तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या हिशेबाने हे मोठेच धाडस होते.

अंधार पडायच्या आत मालक सावरले. शेजारचा चष्मेवाला चौकशीला आला, तर त्याला ते सांगत होते, "आमच्या गवतात काडीचा दोष नव्हता. जनावरच भलतं निघालं. त्याच्या लायकीचं शोधून आणावं लागलं." मालकीणबाई चहा ठेवत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, हसल्या नाहीत, आणि त्यांचा चेहरा कौतुकाचाही झाला नाही. मालकांनी तिकडे एकदा पाहिले आणि वाक्य अर्धे सोडून चष्म्यांचा भाव विचारला.

चष्मेवाला गेल्यावर सून स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले, केसांत गवत.

"आई, बाबांना कसं पटवलंत? खरं सांगा. काय युक्ती केलीत?"

मालकीणबाईंना क्षणभर मोह झाला. एक फार सुरेख युक्ती त्यांना सुचली होती; सांगितली असती, तर ती घरात पुढच्या पिढीपर्यंत टिकली असती.

"युक्ती केली, ती फसली. वखारीतलं विष उचलून आणत होते तुझे सासरे. मग म्हटलं, चुकताय."

"आणि?"

"आणि काय? चुकत होते."

"एवढंच?" सून पाहतच राहिली. "इतके दिवस तो उपाशी निजला, आणि नुसतं चुकताय म्हणायचं होतं? ते तर मीही म्हटलं असतं! तुम्ही डोळ्यांनी गप्प केलंत म्हणून थांबले मी!"

मालकीणबाईंनी चहा गाळला. कप सुनेपुढे सरकवला.

"पुन्हा मी डोळे केले," त्या म्हणाल्या, "तर बघू नकोस माझ्याकडे."

"नाहीच बघणार."

"आणि उद्या दुकानात ये. नवा माल येतोय. तुझे सासरे एकेक बशी उजेडात धरून बघतील आणि सगळ्या पास करतील. त्यातली फुटकी कोणती, ते त्यांना तू सांगायचं. माझ्यामार्फत नाही. तोंडावर."

"रागावले तर?"

"रागावतील," मालकीणबाई म्हणाल्या. "चहा पी, निवतोय."